छायाचित्र-प्रकल्प (समकालीन)

समाज, जागा किंवा माणसाचे जगणे यांतला एखादा विषय धरून, स्वतः आखलेल्या नियमाने आणि बहुधा अनेक वर्षे केलेल्या छायाचित्रणाला छायाचित्र-प्रकल्प म्हणतात. वृत्तपत्रातले छायाचित्र एका घटनेपुरते असते. प्रकल्पातले एखादे चित्र सुटे काढून पाहिले तर ते बेताचेही वाटू शकते. अर्थ लागतो तो चित्रांचा क्रम, त्यांतली पुनरावृत्ती आणि सोबतचा मजकूर यांतून. म्हणून प्रकल्प पाहताना आधी त्याचा नियम शोधावा. त्या नियमाने कोणाला चौकटीत घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, यावरून छायाचित्रकाराचे म्हणणे कळते.

या पद्धतीचे मूळ जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर याच्या कामात दिसते. शेतकरी, कारागीर, स्त्रिया, कलावंत अशा सात गटांत आपल्या काळच्या समाजाची चित्ररूप नोंद करण्याचा घाट त्याने घातला होता. त्यातली ६० व्यक्तिचित्रे १९२९ साली पुस्तकरूपाने आली. त्यांतले चेहरे नाझींच्या वंशकल्पनेत बसणारे नव्हते. १९३६ साली पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या आणि छपाईचे ठसे नष्ट करण्यात आले. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ पासून, सरकारनेच ग्रामीण दारिद्र्याचे छायाचित्रण करवून घेतले. डोरोथिया लँगचे ‘स्थलांतरित आई’ हे छायाचित्र याच कामातले. या उपक्रमाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना सरळ भोक पाडत असे. ती भोके पडलेली चित्रे आज संग्रहात पाहायला मिळतात, आणि निवडीचा अधिकार कोणाकडे होता हे त्यांच्याइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही.

जागेकडे पाहण्याची रीत बदलली ती १९७५ च्या सुमारास. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे विल्यम जेंकिन्स यांनी ‘न्यू टोपोग्राफिक्स’ हे प्रदर्शन भरवले. रॉबर्ट अ‍ॅडम्स, लुईस बाल्ट्झ, स्टीफन शोअर आदींच्या चित्रांत पर्वत-दऱ्यांची भव्यता नव्हती. वाहनतळ, गोदामे, नव्या वसाहतींतली एकसारखी घरे होती. याच प्रदर्शनात बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन दांपत्यही होते. १९५९ पासून ते पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे टिपत होते. आभाळ ढगाळ, म्हणजे सावली नाही, कॅमेरा शक्यतो सरळ समोर, माणूस चौकटीबाहेर. अशी चित्रे जाळीसारखी एकत्र मांडली की एकाच कामासाठी बांधलेल्या वास्तूंमधले बारीक फरक डोळ्यांत भरतात. त्यांतल्या कित्येक वास्तू पुढे पाडल्या गेल्या. १९९० साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात या दोघांना पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी! बर्न्ड बेखर यांच्या ड्युसेलडॉर्फमधील विद्यार्थ्यांपैकी अँड्रियास गुर्स्की, थॉमस स्ट्रूथ, थॉमस रूफ आणि कँडिडा होफर पुढे नावाजले. हाँगकाँगच्या निवासी इमारतींचे मायकेल वुल्फ यांनी केलेले चित्रण याच वाटेने पुढे जाते: चौकटीत आकाश नाही, जमीन नाही, फक्त खिडक्यांच्या रांगा. तोक्योच्या गर्दीच्या गाड्यांत काचेवर दाबले गेलेले चेहरेही त्यांनीच टिपले. एकाच छायाचित्रकाराने दाटीचे बाह्यरूप आणि आतली घुसमट अशी दोन्ही अंगे दाखवल्याचे हे मोजके उदाहरण.

माणसांविषयीच्या प्रकल्पांत काळ हेच पुष्कळदा मुख्य साधन असते. निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून जवळजवळ अर्धशतक, दर वर्षी एक, अशी चार बहिणींची चित्रे घेतली. उभे राहण्याचा क्रमही तोच. रिनेके डाइकस्ट्रा यांनी १९९४ साली नेदरलँड्समध्ये आश्रयाला आलेल्या बॉस्नियाच्या एका लहान मुलीला खुर्चीवर बसवून टिपले आणि पुढे दीर्घकाळ टिपत राहिल्या. पहिल्या चित्रात तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत, नंतरच्या चित्रांत टेकतात. परक्या देशात रुजणे म्हणजे काय, हे तेवढ्या तपशिलातून कळते.

छायाचित्राच्या विश्वासार्हतेवरच बोट ठेवणारे कामही आहे. टॅरिन सायमन यांच्या ‘द इनोसंट्स’ या प्रकल्पात चुकीच्या शिक्षेतून, बहुतांशी डीएनए चाचणीमुळे, सुटलेली माणसे आहेत. गुन्ह्याची जागा, अटकेची जागा किंवा घटनेच्या वेळी ती जिथे होती ती जागा, अशा ठिकाणी त्यांना उभे करून चित्रे घेतली. यांपैकी अनेकांच्या बाबतीत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता आणि त्या ओळखण्यात छायाचित्रांचाही हात होता. जे निष्पाप ठरले, ते गुन्ह्याच्या जागी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

दुसऱ्याचे दुःख टिपण्यावर सर्वांत मार्मिक टीका एका प्रकल्पानेच केली. मार्था रॉसलर यांनी १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बावरी या दारुड्यांसाठी बदनाम रस्त्याची चित्रे घेतली, पण त्यांत माणूस एकही नाही. रिकामे दरवाजे, पडलेल्या बाटल्या आणि शेजारी नशेसाठी वापरले जाणारे शब्द. त्यानंतर समोरच्याला सहभागी करून घेण्याकडे कल वाढला. जिम गोल्डबर्ग यांनी श्रीमंत आणि गरीब, दोघांनाही आपापल्या चित्राच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहायला लावले. झनेले मुहोली यांनी २००६ पासून दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी व्यक्तींची चित्रे घेतली. त्या व्यक्तींना ‘सहभागी’ म्हटले जाते. १९९०च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बुरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातील खेड्यांतल्या स्त्रियांच्याच हाती कॅमेरे दिले. ‘फोटोव्हॉइस’ नावाची ही पद्धत आज सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात रूढ आहे.

भारतात सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर दीर्घकाळ काम केले. दयानिता सिंग यांनी दप्तरखान्यांतली फायलींची बाडे टिपली आणि मांडणी हवी तेव्हा बदलता येईल अशा लाकडी चौकटींची ‘संग्रहालये’ तयार केली. गौरी गिल १९९९ पासून राजस्थानच्या वाळवंटी भागात काम करत आल्या. त्या कामाला २०२३ चा ‘प्री पिक्टे’ पुरस्कार मिळाला. त्यांचा पालघर जिल्ह्यातील जव्हारमधला प्रकल्प मला अधिक धीट वाटतो. बोहाडा या मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवासाठी देव-दानवांचे मुखवटे घडवणाऱ्या आदिवासी कलावंतांना त्यांनी रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले. माणसे, प्राणी, वस्तू यांचे कागदी लगद्याचे हे मुखवटे चढवून गावकरी नेहमीच्याच व्यवहारांत दिसतात. चेहरा झाकलेला असल्याने ‘आदिवासी चेहरा’ पाहायला आलेल्या नजरेला तिथे काही मिळत नाही.

संमतीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांनी १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये लपवलेल्या फ्लॅशच्या उजेडात वाटसरूंचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्यांतल्या एकाने धार्मिक श्रद्धा आणि खासगीपणा यांच्या आधारे दावा लावला. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने, हे कलाकृतीत मोडते, असे म्हणून तो फेटाळला. फ्रान्समध्ये व्यक्तीचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क पुष्कळ भक्कम आहे, त्यामुळे तिथे असे काम करताना अधिक जोखीम असते. जॉन राफमन यांनी २००८ पासून गूगल स्ट्रीट व्ह्यूमधली दृश्ये निवडून जो प्रकल्प केला, त्यात तर छायाचित्रकार आणि माणूस समोरासमोर आलेच नाहीत. चित्र घेतले गाडीवरच्या यंत्राने, चेहरे पुसट केले कंपनीने. कलावंताच्या वाट्याला उरली ती फक्त निवड.