नोस्क्रिप्टमधल्या परवानग्यांचा गुंता: पार्श्वभूमी

नोस्क्रिप्ट हे मूळचं फायरफॉक्स ब्राउझरचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. साइटच्या पानात आपोआप चालणारा कोड, म्हणजे स्क्रिप्ट, ते तुमच्या परवानगीशिवाय चालू देत नाही. २००५ साली ते आलं तेव्हा त्याचा मेनू सरळ होता. साइटला परवानगी द्यायची, तात्पुरती द्यायची किंवा काढून घ्यायची. साइटची अशी वर्गवारी त्याआधीही होतीच. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये १९९७ पासून ‘ट्रस्टेड साइट्स’ची यादी होती आणि मराठवाड्यात ती ओळखीची झाली ती ई-निविदांमुळे. डिजिटल सही चालावी म्हणून जालन्या-नांदेडचे कंत्राटदार पोर्टलचा पत्ता त्या यादीत टाकून घ्यायचे. त्यातून एक सवय बसली: साइट अडली की ट्रस्टेडमध्ये टाका.

खरा गुंता नोव्हेंबर २०१७ चा. फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली आणि नोस्क्रिप्ट नव्याने लिहावं लागलं. त्याची दहावी आवृत्ती काही दिवसांतच आली, पण ओळखीचा मेनू गेला होता. त्याच्या जागी प्रत्येक डोमेनसमोर (साइटच्या मुख्य पत्त्यासमोर) चिन्हांची रांग: डिफॉल्ट, ट्रस्टेड, अनट्रस्टेड, कस्टम. त्यात तात्पुरत्या परवानगीसाठी घड्याळ.

वाद आहे तो या चौकटीवर. आधी निर्णय त्या एका साइटपुरता असायचा. आता डिफॉल्ट आणि ट्रस्टेड हे साचे आहेत, आणि साच्यात केलेला बदल त्यातल्या प्रत्येक साइटला लागू होतो. डिफॉल्ट म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही अजून काहीच ठरवलेलं नाही अशा सगळ्या साइट. सातबाऱ्याच्या पानावर जिल्हा निवडला तरी तालुक्यांची यादी भरत नाही, म्हणून कोणी ऑप्शन्समध्ये जाऊन डिफॉल्टखाली ‘स्क्रिप्ट’वर खूण केली, तर सातबारा दिसेल, पण जगातल्या सगळ्या अनोळखी साइटनाही तीच मुभा मिळेल. पडद्यावर त्याची ठळक सूचना कुठेच येत नाही. एका साइटपुरता बदल हवा असेल तर जागा ‘कस्टम’ची, आणि नेमकं तेच बटण नवख्याला सगळ्यात अवघड वाटतं. सोय म्हणून साचे चांगलेच आहेत, पण हा फरक वापरणाऱ्याच्या डोळ्यासमोर ठेवायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

डिफॉल्ट आणि अनट्रस्टेड यांतही अशीच गल्लत होते. स्क्रिप्ट दोन्हीकडे बंद, मग वेगळं काय? डिफॉल्ट म्हणजे अजून ठरायचंय, अनट्रस्टेड म्हणजे तुम्ही ठरवून नाकारलंय. शिवाय पत्त्याशेजारचं कुलूप: हिरवं असेल तर विश्वास फक्त एचटीटीपीएसपुरता, म्हणजे सुरक्षित जोडणीपुरता, लाल असेल तर साध्या, असुरक्षित एचटीटीपीवरही. ही काळजी योग्यच आहे. फक्त ते कुलूप दाबता येतं हेच अनेकांना माहीत नसतं.

सगळ्यात जास्त अडतं ते पैसे भरताना. लातूरला सेवा केंद्रावर परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी आधी अर्जाच्या साइटवर असतो, मग पेमेंट गेटवेवर (पैसे घेणाऱ्या मधल्या साइटवर), मग बँकेच्या ओटीपीच्या पानावर. ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला ही दुसरी खात्री सक्तीची आहे, त्यामुळे बँकेचा टप्पा टळत नाही. प्रत्येक नवं डोमेन डिफॉल्टमध्ये येऊन थांबतं. परवानगी दिली की पान पुन्हा लोड होतं आणि व्यवहार मध्येच तुटतो. मग केंद्रचालक सरळ ‘या टॅबवरचे निर्बंध काढा’ दाबतो. बाहेर रांग लागलेली असताना त्याला दोष देणं मला पटत नाही. तात्पुरत्या परवानगीचंही तसंच. ती ब्राउझर बंद होईपर्यंत टिकते, आणि पीकविम्याच्या हंगामात केंद्रावरचा ब्राउझर सकाळी उघडला की रात्रीच बंद होतो. एका गिऱ्हाइकासाठी दिलेली मुभा पुढच्यालाही लागू राहते.

पुढे यात आणखी एक थर आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रोम ७० ने एक्स्टेन्शनला कुठल्या साइट वाचू द्यायच्या हे वापरणाऱ्यावर सोपवलं: क्लिक केल्यावर, ठरावीक साइटवर किंवा सगळीकडे. नोस्क्रिप्ट २०१९ मध्ये क्रोमवर पोचलं आणि एकसारखे दिसणारे दोन प्रश्न शेजारी आले. एकात ब्राउझर विचारतो, या एक्स्टेन्शनला कुठे जाऊ द्यायचं; दुसऱ्यात एक्स्टेन्शन विचारतं, या साइटला काय करू द्यायचं. बाकी एक्स्टेन्शन्ससाठी पहिल्या ठिकाणी ‘क्लिक केल्यावर’ निवडणं शहाणपणाचं असतं. नोस्क्रिप्टला मात्र तेच लावलं, तर क्लिक करेपर्यंत ते त्या साइटवर काहीच अडवू शकत नाही.