टचिंग: पोर्ट्रेट साफ करायची सवय नेमकी कुठून आली

कुणाचा फोटो जरा जास्तच गुळगुळीत दिसला की लगेच कुणीतरी म्हणतं फोटोशॉप मारलंय, आणि मग शेजारचा एखादा ज्येष्ठ सुस्कारा टाकतो की आमच्या वेळी बुवा फोटो खरे असायचे. पहिलं वाक्य बरेचदा बरोबर असतं, दुसरं जवळजवळ कधीच नाही. घरात आजोबांचा स्टुडिओत काढलेला पन्नास-साठच्या दशकातला ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल तर एकदा खिडकीपाशी नेऊन नीट बघा. कपाळ स्वच्छ, डोळ्यांखाली काळं नाही, नाकापासून ओठापर्यंतच्या रेषा अगदी पुसट, आणि आजोबा तर उभा जन्म उन्हात राबलेले! ते काम स्टुडिओतल्या टचिंगवाल्याचं, म्हणजे हातानं फोटोतला चेहरा साफ करणाऱ्याचं. फोटोशॉप आलं १९९० साली, टचिंग त्याच्या आधी शंभर वर्षांहून जास्त चालू होतं.

सुरुवातीला मात्र वाव फारसा नव्हता. १८३९ चा डागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा चकचकीत पत्रा, निगेटिव्ह (काळं-पांढरं उलटं आलेलं चित्र, ज्यावरून प्रिंट काढतात) वगैरे भानगड नाही, आणि वरचा थर इतका नाजूक की बोट लागलं तरी चित्र गेलं. त्यामुळे गालांवर थोडी रंगाची पूड, दागिन्यांवर सोनेरी ठिपके, संपलं. टॅलबॉट या संशोधकानं इंग्लंडमध्ये कागदाच्या निगेटिव्हचं पेटंट १८४१ मध्ये घेतलं आणि खेळ बदलला, कारण आता हात मारायला दोन जागा मिळाल्या, आधी निगेटिव्ह आणि मग प्रिंट. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फस्टेंगल या फोटोग्राफरनं एकाच पोर्ट्रेटच्या दोन प्रिंट मांडल्या, एक जशी आली तशी आणि एक निगेटिव्ह टचिंग केलेली, आणि लोक थक्क झाले असं फोटोग्राफीच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं. थोडक्यात आज रील्सवर फिरतं ते बिफोर-आफ्टर तेव्हाचंच.

पण लोकांना सुंदर दिसायची हौस होती म्हणून टचिंग आलं, एवढंच कारण नाही. त्या काळच्या प्लेटा, म्हणजे फिल्मच्या जागी कॅमेऱ्यात घालायच्या काचा, अर्धवट आंधळ्या होत्या. १८५१ नंतरची कोलोडियनची (कोलोडियन म्हणजे एक चिकट द्रावण) काच निळा उजेड टिपायची, पण लाल तिला जवळपास दिसायचाच नाही. म्हणजे चेहऱ्यावर जे जे लालसर किंवा तपकिरी, ते सगळं फोटोत काळं. समोरून बघताना जाणवणारही नाही असा लालसर डाग प्लेटवर शाईच्या थेंबासारखा यायचा, गोऱ्या माणसाचे फ्रेकल्स, म्हणजे चेहऱ्यावरचे बारीक तपकिरी ठिपके, देवीचे व्रण वाटावेत असे, आणि निळे डोळे मात्र पांढरेफटक. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या रंगाचं काय होत असेल बघा, माणूस प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा कितीतरी काळा यायचा. १८७३ मध्ये जर्मनीत फोगेल या रसायनशास्त्रज्ञानं प्लेटमध्ये रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा दाखवायची युक्ती शोधली, आणि सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा इंग्लंडमध्ये १९०६ च्या सुमारास विकत मिळायला लागल्या. तोपर्यंत टचिंग ही निम्मी दुरुस्तीच होती, कॅमेऱ्यानं केलेली चूक हातानं सुधारायची. प्लेटा सुधारल्या पण टचिंग काही बंद झालं नाही, कारण तोवर गिऱ्हाइकाला तसा चेहरा बघायची सवय लागली होती.

आता हे काम चालायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं सॉफ्टवेअर यावरच उभं आहे. उताराचं लाकडी डेस्क, मधोमध दुधी काच, तिच्यावर निगेटिव्ह, खाली आरसा जो खिडकीचा उजेड वर फेकतो, आणि वरून आडोसा म्हणजे बाकी उजेड डोळ्यात येणार नाही. निगेटिव्हच्या गुळगुळीत थरावर पेन्सिल धरत नाही म्हणून टर्पेंटाइनमध्ये राळ विरघळवून केलेलं मेडियम कापसानं चोळायचं, ते वाळलं की मग पेन्सिल. पेन्सिली कडक, आणि त्यांचं शिसं लांबलचक उघडं काढून पॉलिशपेपरवर सुईसारखं करायचं. रेघ मारायची नाही, कधीच नाही, फक्त स्वल्पविरामाएवढे बारीक फराटे आणि ठिपके, ते पण भिंगातून बघत. डोळ्याखालचा काळेपणा निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो, तो पेन्सिलीनं हळूहळू भरत शेजारच्या कातडीच्या बरोबरीला आणायचा. जास्त भरला तर प्रिंटमध्ये पांढरा ठिपका, गेला फोटो. मोठा भाग उजळ करायचा असेल तर निगेटिव्हवर पातळ लाल रंगाचा हात द्यायचा.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. निगेटिव्हवर भर घालणं सोपं, आणि भर घातली की प्रिंट उजळते. उलट प्रिंटमध्ये काही गडद करायचं तर निगेटिव्हचा थर ब्लेडनं खरवडायला लागतो, त्यात हात चुकला की निगेटिव्ह कायमचं बाद. म्हणजे माणसाला गोरं करणं हे तंत्राच्या दृष्टीनंच कमी धोक्याचं काम होतं! गोरेपणाचं वेड आपल्या समाजात होतंच, ते काही पेन्सिलीनं आणलेलं नाही, पण स्टुडिओच्या डेस्कवर त्या वेडाला अडवणारं काहीच नव्हतं. स्थळासाठी पाठवायच्या फोटोत पोरी का उजळ दिसायच्या याचं निम्मं उत्तर इथं आहे, बाकीचं निम्मं सगळ्यांना माहितीच आहे.

आपल्याकडे फोटोग्राफी उशिरा आली असंही नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ ची, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी तिचे सभासद आणि स्वतः चांगले फोटोग्राफर, त्याच दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथून हरिश्चंद्र चिंतामणसारखे धंदेवाईक फोटोग्राफर तयार झाले. पण टचिंगच्या बाबतीत आपला खरा हातखंडा रंगकामात. फोटोचं फिकट प्रिंट घ्यायचं आणि त्यावर चित्रकारानं जलरंग चढवायचे, कधी इतके की खाली फोटो आहे हे फक्त चेहऱ्यावरून कळावं. राजस्थानात नाथद्वाऱ्याला तर श्रीनाथजींच्या चित्रात भाविकाच्या चेहऱ्याचा फोटो कापून चिकटवायचे, अंग, कपडे, जोडलेले हात सगळं रंगवलेलं. मुंबईत मोठ्या साइजच्या निगेटिव्हवर हातानं टचिंग करून देणारे नामांकित स्टुडिओ होते, बॅलार्ड इस्टेटमधला १९२८ चा हॅमिल्टन स्टुडिओ त्यातलाच.

तिकडे हॉलिवूडनं तीसच्या दशकात हे टोकाला नेलं. जॉर्ज हरेलनं काढलेले नटी जोन क्रॉफर्डचे फोटो बघा, मूळ प्रिंटमध्ये तोंडभर फ्रेकल्स आहेत आणि टचिंगनंतर कातडी संगमरवरी. हे जमायचं कारण निगेटिव्हच आठ बाय दहा इंचाचं, चेहरा तळहाताएवढा, पेन्सिल फिरवायला ऐसपैस जागा. त्याच सुमारास एअरब्रशही (हवेच्या झोतानं रंग फवारणारं पेन) जोरात होता, १८७९ च्या आसपासचा अमेरिकन शोध, त्यानं मासिकांच्या मॉडेल्सची कातडीही साफ व्हायची आणि सोव्हिएत रशियात नावडते झालेले पुढारी फोटोतून गायबही व्हायचे. (स्टालिनशेजारून त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव गायब झालेला तो कालव्याकाठचा फोटो याच कारागिरीचा.)

मग मध्ये एक काळ असा आला की टचिंग जवळपास बंदच पडलं, आणि ज्येष्ठांना जे खरे फोटो आठवतात ते बहुतेक याच काळातले असणार. ३५ एमएम फिल्म आली, तिची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर, त्यातला चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर पेन्सिल चालवणार कशी? त्यात कलर आलं, रोल लॅबला जायला लागला, मशीनमधून धडाधड पोस्टकार्ड साइज प्रिंट. मुरूम असेल तर मुरूम दिसायचा. स्टुडिओवाले फार तर लेन्सपुढे सॉफ्ट फिल्टर लावायचे किंवा फिल्टरवर व्हॅसलिनचा हात मारायचे, लग्नाच्या अल्बममधले ते धुक्यातले नवरा-नवरी आठवत असतील.

कॉम्प्युटरवर फोटो बदलणं फोटोशॉपच्या आधीपासून होतं, फक्त सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. सायटेक्स, क्वांटेलचा पेंटबॉक्स ही यंत्रं सत्तरच्या अखेरीपासून ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत आली, किंमत अशी की मोठी मासिकं आणि टीव्ही कंपन्याच घेऊ शकतील. नॅशनल जिओग्राफिकनं फेब्रुवारी १९८२ च्या कव्हरसाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि बोलणी खाल्ली. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोलनं आपल्या मॅकवर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, भाऊ जॉन सिनेमाच्या इफेक्ट्सच्या कंपनीत होता, त्याला त्यात धंदा दिसला, दोघांनी तो वाढवला आणि अडोबी कंपनीनं १९ फेब्रुवारी १९९० ला फोटोशॉप १.० बाजारात आणलं, फक्त मॅकसाठी. विंडोजवाल्यांना १९९२ पर्यंत थांबायला लागलं.

त्यातली टूल्स बघितली की डार्करूमच दिसते, म्हणजे प्रिंट काढायची अंधारी खोली. डॉजचं आयकॉन म्हणजे काडीला लावलेली गोल चकती, एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) ती हलवत ठेवून तेवढा भाग उजळ ठेवायचे, आणि बर्नचं आयकॉन म्हणजे बोटांची पोकळ मूठ, तिच्यातून उजेड सोडून तेवढाच भाग गडद करायचे. आजच्या पोरांनी डार्करूम बघितलेली नसते पण ती मूठ रोज क्लिक करतात. पोर्ट्रेटवाल्यांसाठी खरे टप्पे पुढे आले. १९९४ ला लेयर्स, म्हणजे फोटोवर वेगळा थर ठेवून काम करायचं, चुकलं तरी मूळ फोटो शाबूत, ब्लेडची भीती संपली. २००० ला लिक्विफाय, आता नाक-कंबर ढकलता यायला लागली. आणि २००२ ला हीलिंग ब्रश. आधीचा क्लोन स्टॅम्प इकडची कातडी उचलून तिकडे जशीच्या तशी चिकटवायचा, त्यामुळे ठिगळ दिसायचं. हीलिंग ब्रश पोत इकडचा घेतो पण रंग-उजेड तिकडचा ठेवतो. डेस्कवर भिंगातून शेजारच्या कातडीशी बरोबरी करत बसणारा माणूस जे करायचा ते सेकंदात.

महाराष्ट्रात हे शिरलं ते डीटीपीच्या दुकानांतून आणि मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या चोरट्या सीडींवरून, खरेदीची पावती कुणी विचारू नये. पासपोर्ट फोटो साफ करून देणे, कोट-टायची पीएसडी (फोटोशॉपची फाइल) तयार ठेवून त्यावर गिऱ्हाइकाचं मुंडकं बसवणे, गेलेल्या माणसाचा चेहरा लग्नाच्या ग्रुप फोटोतून उचलून त्याला फेटा-उपरणं घालून श्रद्धांजलीचा फोटो करणे, हे सगळं कोपऱ्यावरच्या स्टुडिओत व्हायला लागलं. नाथद्वाऱ्याचा कारागीर बघता तर म्हणाला असता, यात नवीन काय! आणि चौकातल्या फ्लेक्सवरचे भावी नगरसेवक आणि त्यांचे मार्गदर्शक, सगळे एकाच ब्लरमधून काढलेले, मानेचा रंग एक आणि तोंडाचा दुसरा, हा आपला खास स्थानिक संप्रदाय.

तक्रारी अर्थात झाल्या. २००३ मध्ये ब्रिटिश जीक्यू मासिकानं नटी केट विन्स्लेटला कव्हरवर बारीक करून टाकलं तेव्हा तिनं जाहीर सांगितलं की मी अशी दिसत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलची शरीरयष्टी बदललेल्या जाहिरातीवर फोटो रिटच केल्याचं लिहायला लागतं, नॉर्वेनं तसाच नियम २०२२ ला लागू केला. पण हे नियम जाहिरातींपुरते, आणि तोवर काम दुसरीकडेच गेलं होतं. फोटो साफ करायची अॅप्स बनवणारी चीनची मेइतू कंपनी २००८ ची, तसलंच फेसट्यून अॅप २०१३ चं, आणि ओप्पो-विवोनी ब्युटी मोड थेट कॅमेऱ्यातच दिला. इथं टचिंगवालाच गायब झाला. आधी कुणीतरी चेहरा बघून ठरवायचं की हा तीळ ठेवू, हा डाग घालवू, आता बऱ्याच फोनमध्ये फोटो निघतानाच ते होऊन गेलेलं असतं, विचारलं कुणी नाही. गुगलनं २०२० मध्ये पिक्सेल फोनमधलं सेल्फी रिटचिंग मुळात बंद ठेवायचं ठरवलं, बाकीच्यांनी तेवढी तसदी घेतलीच असं नाही.

त्याचा त्रास कुठं होतो तर मोठी फ्रेम करायची वेळ आली की. घरच्यांकडे आजीचा एकच फोटो, तो पण ब्युटी मोडमधला, त्यात व्हॉट्सअॅपवरून चार वेळा फिरलेला. त्यात कातडीचा पोतच शिल्लक नसतो, हीलिंग ब्रशनं उचलायचं काय? मग एआयवाल्या टूलमध्ये टाकून क्लिअर करतात, ते सुरकुत्या आणि पापण्या स्वतःच्या मनानं काढतं, आणि फ्रेम घरी आली की सून म्हणते फोटो छान आलाय, पण या सासूबाई वाटत नाहीत.