गाडी रात्रीत का बसते?

जुन्या आलिशान एसयूव्हीचं एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी हवेच्या फुग्यांवर तोलणारी यंत्रणा, बिघडलं की खर्च बहुतेकदा हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर होतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो, स्कॅनर कॉम्प्रेसरचा कोड दाखवतो, नवा कॉम्प्रेसर बसवला जातो आणि काही काळाने तोही जळतो. माझं ठाम मत आहे की अशा गाड्यांत कॉम्प्रेसर हा शेवटचा बळी असतो. दुखणं बहुधा कुठल्या तरी बारीक गळतीपासून सुरू झालेलं असतं, आणि ती गळती पकडायला शाळेत शिकलेले वायूंचे नियम फार उपयोगी पडतात.

१९९४ची रेंज रोव्हर घ्या किंवा २००४ची डिस्कव्हरी ३, मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच. पोलादी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे, हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, ती कोरडी करणारा ड्रायर, साठवायची टाकी, चारही कोपऱ्यांना हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, उंची सांगणारे सेन्सर आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा संगणक. अडीच टनांच्या गाडीच्या एका कोपऱ्यावर ६०० किलो भार आला आणि तो पेलणारं फुग्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर असलं, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ६ बार जास्त हवा. माणसं आणि सामान भरलं की संगणक फुग्यात आणखी हवा भरतो, दाब वाढतो आणि फुगा त्या प्रमाणात ताठरही होतो. म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा हेलकावा जवळपास एकाच लयीत राहतो. पोलादी स्प्रिंगला हे जमत नाही. वैतागून फुगे काढून स्प्रिंग बसवणाऱ्यांनी निदान हे तरी लक्षात घ्यावं.

आता गळतीकडे येऊ. फुग्याला भोक पडलं की आतला दाब उतरत जाईल असं वाटतं, पण उभ्या गाडीत तसं होत नाही. भार तोच आणि क्षेत्रफळही जवळपास तेच, म्हणून दाबही जवळपास तेवढाच राहतो. हवा जाते तशी कमी होते ती उंची. त्यामुळे गळती मंदावतही नाही. गाडी रबरी ठोकळ्यांवर टेकेपर्यंत ती त्याच जोमाने चालू राहते. म्हणूनच इथे दाबाच्या आकड्यापेक्षा साधी मोजपट्टी भरवशाची. सपाट जागी गाडी लावून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर लिहून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा मोजायचं. चाकाच्या मध्यापासून मोजलं की टायरमधल्या हवेचा घोळ आपोआप टळतो.

मात्र यात एक चकवा आहे. अनेक मॉडेलांत बंद गाडीचा संगणक काही तासांनी जागा होतो आणि सगळ्यात खाली गेलेल्या कोपऱ्याशी बाकीचे तीन जुळवून घेतो. गळतो एक फुगा, सकाळी बसलेली दिसते अख्खी गाडी! गाडी उभी केल्यावर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला की ही जुळवाजुळव थांबते आणि दोषी कोपरा एकटा खाली जातो. फ्यूज काढूनही सगळे कोपरे जागेवर राहिले, पण गाडी चालू असताना मात्र तिरकी उभी राहत असेल, तर संशय हवेवरून उंचीच्या सेन्सरवर न्यावा. त्याचा दांडा गंजतो, आतला संपर्क झिजतो आणि संगणकाला खोटी उंची कळते.

फ्यूज काढूनही सगळे कोपरे सारखेच, थोडेसे उतरले असतील तर घाबरू नये. संध्याकाळी ३५ अंश आणि पहाटे १५ अंश तापमान असेल, तर केल्व्हिनमध्ये ते ३०८ वरून २८८ होतं. दाब तोच असल्याने हवेचं आकारमान सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतं. ही गळती नव्हे.

कोपरा सापडला की साबणाचं पाणी. इथे घाई नको. रबर चिरतं ते फुग्याच्या खालच्या घडीत, आणि नेहमीच्या उंचीवर ती घडी मिटलेली असते. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर नेऊन पाहिलं तर चिरा उघड्या पडतात. पाइप जिथे फुग्यात आणि ब्लॉकमध्ये शिरतो ते सांधेही भिजवावेत. बुडबुडे कुठेच नाहीत आणि कोपरा तरी बसतोच आहे, अशा वेळी हवा ब्लॉकमधल्या एखाद्या न मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून जात असते. दाब पूर्ण सोडून ब्लॉकवरचे दोन कोपऱ्यांचे पाइप आपापसांत बदलायचे. दोष दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर ब्लॉक खराब, जागेवरच राहिला तर फुगा किंवा पाइप. हे सगळं करताना गाडी पक्क्या स्टँडवर हवी. हवेच्या भरवशावर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये, क्षणभरसुद्धा नाही.

एवढ्याशा गळतीने कॉम्प्रेसर मरतो कसा? सतत चालून तो तापतो, पिस्टनची रिंग झिजते, भरायला आणखी वेळ लागतो, हे तर आहेच. पण खरी मेख ड्रायरमध्ये आहे. त्यातले दाणे आत येणाऱ्या हवेतला ओलावा शोषतात. गाडी खाली घेताना तीच कोरडी हवा उलट दिशेने दाण्यांमधून बाहेर पडते आणि साचलेला ओलावा घेऊन जाते. दाणे असे पुन्हा पुन्हा ताजे होतात. किती सुंदर योजना! गळती झाली की हवा भलत्याच वाटेने निसटते. ओलावा आत येत राहतो, बाहेर जात नाही. दाणे ओलावतात, त्यांची भुकटी होते, ती व्हॉल्व्हमध्ये अडकते, ब्लॉक आतून गंजतो आणि कडाक्याच्या थंडीत तिथलं पाणी गोठतंही.

म्हणून आधी गळती बंद करावी आणि मग कॉम्प्रेसरकडे वळावं. नवा बसवायचाच असेल तर ड्रायरमधले दाणे आणि रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच, दोन्ही सोबत बदलावेत. जुन्या रिलेचे संपर्क चिकटले तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि नवा असला तरी जळतो. कॉम्प्रेसर मुळी सुरूच होत नसेल, तर त्याला दोष देण्याआधी फ्यूज, रिले आणि बॅटरीचा व्होल्टेज तपासावा, कारण अशक्त बॅटरीमुळेही सस्पेन्शनचे खोटे कोड येतात. आणि काम झाल्यावर पुन्हा एकदा फ्यूज काढून, रात्रभर गाडी उभी ठेवून चारही अंतरं मोजावीत.