रोगी वेगळा, संशयित वेगळा

2020 साली कुणाच्या हातावर ‘होम क्वारंटाइन’चा शिक्का बसला, कुणाच्या दारावर ‘गृह विलगीकरण’ असं लिहिलं गेलं, आणि दोन्ही एकच असं आपण धरून चाललो. ते एक नाही. आजारी माणसाला इतरांपासून दूर ठेवणं हे विलगीकरण. जो धडधाकट आहे, पण रोग्याच्या सहवासात आला, त्याला लक्षणं उमटण्याची मुदत टळेपर्यंत थांबवून ठेवणं हे क्वारंटाइन.

सातवा एडवर्ड गादीवर असताना, म्हणजे 1901 ते 1910 या काळात, इंग्लंडमधल्या नगरपालिकांना हा फरक रोजच्या कामात सांभाळावा लागे. देवी, घटसर्प, विषमज्वर, स्कार्लेट फीव्हर (मुख्यतः मुलांना होणारा, अंगावर लाल पुरळ उठवणारा संसर्गजन्य ताप) यांपैकी काही आढळलं की डॉक्टरनं स्थानिक आरोग्याधिकाऱ्याला कळवायचं, अशी सक्ती 1899 च्या कायद्यानं देशभर झाली होती. खासगी रोग्यामागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत.

रोग्याच्या बाबतीत कायद्याचा हात भक्कम होता. घरात त्याची वेगळी सोय नसेल तर मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं त्याला आयसोलेशन हॉस्पिटलात हलवता येई. स्कार्लेट फीव्हर झालेलं पोर आईबापांपासून सहा-सहा आठवडे दूर राही. इकडे घरात गंधकाची धुरी, अंथरूण-पांघरूण वाफेनं निर्जंतुक करायला रवाना. 1907 च्या कायद्यानं तर संसर्गजन्य आजार असलेल्यानं सार्वजनिक वाचनालयाचं पुस्तक वापरण्यावरही बंदी घातली. तरीही पोर बरं होऊन घरी आलं की काही दिवसांत भावंडं आजारी पडल्याची उदाहरणं घडत, आणि सहा आठवडे खरंच पुरतात का यावर आरोग्याधिकारी वाद घालत.

घरच्या निरोगी माणसांचं काय करायचं, हा प्रश्न जास्त अवघड. 1900 मध्ये ग्लासगोत प्लेग आला तेव्हा रोगी बेल्व्हिडिअर रुग्णालयात गेले आणि त्यांच्या सहवासातली शंभरावर माणसं ‘रिसेप्शन हाऊस’ नावाच्या निराळ्या इमारतीत राहिली. दोन जागा, दोन कामं. तीनच वर्षांपूर्वी पुण्यातही प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळं आणि घरच्यांसाठी सेग्रिगेशन कॅम्प अशी कागदावर हीच विभागणी होती. पण गोरे सोल्जर घरात घुसून माणसं बाहेर काढत होते. कोण रोगी म्हणून नेला आणि कोण संशयित म्हणून, हे घाबरलेल्या घराला कसं कळावं?

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम लेस्टरनं केलं. देवीच्या लसीला विरोध करणारं हे शहर. लस नको म्हटल्यावर रोग लवकर हुडकणं आणि सहवासातल्यांवर नजर ठेवणं, यावरच सगळी भिस्त. विलगीकरणात रोग्याला निदान औषधपाणी आणि शुश्रूषा मिळते. क्वारंटाइनमधला माणूस मात्र स्वतःला काही झालेलं नसताना दुसऱ्यांसाठी घरी बसतो, आणि त्याचा रोज बुडतो. लेस्टरनं हे ओळखून अशांना बुडालेल्या मजुरीची भरपाई दिली. आधी या माणसांना इस्पितळाच्याच आवारात ठेवत. पुढे घरीच राहू देऊन, देवी उमटण्याची मुदत संपेपर्यंत त्यांच्यावर देखरेख ठेवू लागले.