पोखरणच्या स्फोटामागचे पुणे

पोखरण म्हटले की राजस्थानचे वाळवंट आठवते, फार तर मुंबईतले ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र. १९७४च्या तिथल्या पहिल्या अणुस्फोटातला पुण्याचा वाटा मात्र खुद्द पुणेकरांनाही क्वचितच ठाऊक असतो. तो ठाऊक असायला हवा.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली. १९६२च्या युद्धाची जखम तेव्हा ओलीच होती. आठच दिवसांनी होमी भाभांनी आकाशवाणीवरून हिशेब मांडला: दहा किलोटनांच्या स्फोटाला साडेसतरा लाख रुपये. आकडा फारच आशावादी होता, पण भारताने बॉम्ब करावा की नाही हा वाद पेटला. जानेवारी १९६६मध्ये आधी शास्त्रीजी गेले, पाठोपाठ भाभा.

प्लुटोनियम आपल्याकडे होते. कॅनडाच्या मदतीने उभारलेली सायरस अणुभट्टी १९६०पासून चालू होती, आणि वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा प्रकल्प ट्रॉम्बेत आपल्याच लोकांनी उभा केला होता. खरी अडचण पुढे होती. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकाच क्षणी दाबला जावा लागतो. भोवतीच्या स्फोटकांचा एखादा भाग मायक्रोसेकंदाने जरी मागे राहिला तरी दाब वाकडा पडतो. ही विद्या कोणी विकत देणार नव्हते.

इथे पुणे येते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे स्फोटकांशी या शहराचा संबंध जुनाच. संरक्षण खात्याच्या इथल्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे सुतारवाडीच्या आजच्या एचईएमआरएलमध्ये, स्फोट घडवणारी डिटोनेटर यंत्रणा तयार झाली. तिच्यामागे वामन दत्तात्रेय पटवर्धन हे रसायनशास्त्रज्ञ होते. भोवतीची स्फोटके संरक्षण खात्याच्याच चंडीगडच्या टीबीआरएल या प्रयोगशाळेने घडवली, गाभा ट्रॉम्बेने. ट्रॉम्बेच्या केंद्राचे संचालक राजा रामण्णा यांच्या हाताखाली हे सारे जुळवणारी माणसे जेमतेम पाऊणशे. गुप्तता इतकी, की ज्यांच्या खात्यात या प्रयोगशाळा होत्या त्या संरक्षणमंत्री जगजीवनराम यांनाही स्फोटाची बातमी तो झाल्यावरच कळली. पटवर्धनांना पुढे पद्मश्री लाभली हे खरे, पण त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असावे, असे मला मनापासून वाटते.

१८ मे १९७४, सकाळी आठ वाजून पाच मिनिटे. जमिनीखाली सुमारे १०७ मीटरवर स्फोट झाला आणि कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्याच मदतीने उभी राहत असलेली दुसरी अणुभट्टी तेव्हा अर्धवट होती. ती आपल्या अभियंत्यांनी पुरी केली, आणि १९८१मध्ये ती रीतसर सेवेत आली.