वशिंडाच्या गुरांचा माग : प्राचीन डीएनएची पार्श्वभूमी

खिल्लार, देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी ही सगळी वशिंडाची गुरे. जर्सी, होल्स्टीन ही वशिंड नसलेली. दोघांची कुळे मुळातच वेगळी आहेत हे आता सर्वमान्य झाले आहे, पण त्या निष्कर्षापर्यंतची वाट बरीच वाकडी होती. त्यातही गंमत अशी, की वशिंडाच्या गुरांबद्दल प्राचीन डीएनएतून आजवर जे कळले ते मुख्यतः भारताबाहेर सापडलेल्या हाडांतून.

दोन्ही कुळांचा रानटी पूर्वज म्हणजे ऑरॉक्स. युरोपपासून भारतापर्यंत आणि उत्तर आफ्रिकेतही त्याचे कळप होते. शेवटची ऑरॉक्स गाय १६२७ मध्ये पोलंडमधल्या याक्तोरूफच्या जंगलात मेली. भारतीय शाखा त्याआधीच नाहीशी झाली होती. तिचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात मिळाले, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात नर्मदा आली.

डीएनए हाती येण्याआधी सगळी भिस्त हाडांच्या मापांवर होती. माणसाळलेले जनावर पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जाते, म्हणून खालच्या थरात मोठी आणि वरच्या थरात लहान हाडे मिळाली की जनावर तिथेच माणसाळले असे मानायचे. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळच्या मेहरगढला असेच दिसले. तिथे १९७४ पासून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-फ्रान्स्वा जारीज यांनी उत्खनन केले आणि हाडांचा अभ्यास रिचर्ड मेडो यांनी केला. सर्वात खालच्या थरांत हरणासारख्या शिकारीच्या प्राण्यांची हाडे जास्त आहेत. वर येताना गुरांची हाडे वाढत जातात आणि आकाराने घटतात. जोडीला वशिंड स्पष्ट दाखवणाऱ्या मातीच्या मूर्तीही मिळाल्या.

पण मापे फसवतात. कळपात नर लहानपणीच मारले आणि गायी म्हातारपणापर्यंत ठेवल्या, तर पूर्ण वाढीच्या हाडांत गायींचा भरणा होतो. सरासरी खाली येते, प्रत्यक्षात एकही जनावर लहान झालेले नसते. वशिंडाची तर आणखी अडचण. वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी, ते मातीत उरत नाही. हाडांतली त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे पाठीच्या वरच्या मणक्यांचा काटा टोकाला दुभंगलेला असणे. तो काटा नाजूक असतो, मोडतो, आणि उकिरड्यातून क्वचितच धड हाती येतो.

१९९४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या रोनन लॉफ्टस, डॅनियल ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी जिवंत गुरांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या घटकातला डीएनए, तपासला. हा डीएनए फक्त आईकडून वासराकडे जातो. युरोपीय व आफ्रिकी गुरे एका बाजूला आणि भारतीय गुरे दुसऱ्या बाजूला पडली. दोन्ही शाखांची फारकत किमान दोन लाख, कदाचित दहा लाख वर्षांपूर्वीची निघाली. माणसाने गुरे पाळायला लागून जेमतेम दहा हजार वर्षे होतात. म्हणजे फारकत रानातच झाली होती आणि दोन वेगवेगळ्या रानटी कळपांतून दोनदा माणसाळणे झाले होते. एक पश्चिम आशियात, दुसरे सिंधूच्या परिसरात.

याच निकालात एक खोच होती. तपासलेल्या आफ्रिकी गुरांपैकी काहींना चांगले ठसठशीत वशिंड होते, पण त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र बिनवशिंडाच्या कुळाचा. वळूकडून येणारे वाय गुणसूत्र पाहिले तेव्हा उलगडा झाला, ते भारतीय कुळाचे होते. आफ्रिकेत वशिंड आले ते वळूंबरोबर.

आईकडची वाट तेवढी पाहून वंशावळ सांगण्यातला धोका तेव्हाच दिसला होता. तरी पुढची पंधरा-वीस वर्षे प्राचीन डीएनएचे काम मायटोकॉन्ड्रियावरच चालले, आणि त्याचे कारण निव्वळ व्यवहाराचे. एका पेशीत केंद्रकातल्या डीएनएच्या दोन प्रती असतात, मायटोकॉन्ड्रियाच्या शेकडो ते हजारो. सडलेल्या हाडात काही शिल्लक असण्याची शक्यता त्याचीच जास्त.

मेलेल्या प्राण्याचा डीएनए वाचता येतो हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. बर्कलीतल्या ॲलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेने संग्रहालयातल्या क्वागाच्या, म्हणजे झेब्राच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाच्या, वाळलेल्या कातडीतून डीएनएच्या २२९ अक्षरांचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या रासायनिक घटकांचा, क्रम काढला. पाठोपाठ पीसीआर हे तंत्र आले. थेंबभर डीएनएच्या कोट्यवधी प्रती करता येऊ लागल्या आणि त्याबरोबर बाहेरून मिसळलेल्या परक्या डीएनएच्याही. १९९४ मध्ये जाहीर झालेला डायनासोरचा डीएनए नंतर माणसाचा निघाला.

गुरांवर काम करणाऱ्यांसमोरचे संकट वेगळेच होते. पीसीआर नीट चालावे म्हणून मिश्रणात गायीच्या रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन घालण्याचा प्रघात आहे, आणि त्यात गायीच्या डीएनएचे अंश असू शकतात. २००७ च्या एका अभ्यासात पीसीआरच्या विकतच्या रसायनांत गाय, डुक्कर, कोंबडी यांचा डीएनए मिळाला. अस्वलाच्या दातात गाय आढळली तर चूक लगेच कळते, गायीच्या दातात गाय आढळली तर कोणाला शंका येणार? शिवाय जुन्या संग्रहालयांत ठिसूळ हाडे जनावरांपासून केलेल्या सरसाने पक्की करत, म्हणजे नमुन्यावर बाहेरच्या गुराचा लेप आधीच चढलेला. म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर हाड न घातलेला कोरा नमुना त्याच सगळ्या टप्प्यांतून न्यावा लागतो. कोऱ्यात गाय दिसली तर ती तुकडी बाद.

पुढच्या काळात तीन गोष्टींनी चित्र पालटले. पहिली म्हणजे सगळ्या तुकड्यांचा एकत्र क्रम वाचणारी यंत्रे. दुसरी पेट्रस हाड. अंतःकर्णाभोवतीचे हे हाड सस्तन प्राण्यांत सर्वात घट्ट असते, आणि त्याच सांगाड्याच्या इतर हाडांपेक्षा त्यात कितीतरी पट जास्त डीएनए टिकतो हे २०१४-१५ च्या सुमारास स्पष्ट झाले. तिसरी, २०१३ मध्ये लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतून आलेली अर्क काढण्याची कृती.

ती कृती मोजक्या शब्दांत अशी. हाडाचा वरचा पापुद्रा खरवडून टाकायचा. अंतःकर्णाजवळचा दाट भाग कमी वेगाच्या करवतीने कापायचा. वेग वाढवला की पाते तापते आणि उरलासुरला डीएनए मोडतो. सुमारे ५० मिलिग्रॅम भुकटी पुरते. ती ईडीटीए आणि प्रोटीनेज-के यांच्या एक मिलिलिटर द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर फिरवत ठेवायची. ईडीटीए हाडातले कॅल्शियम बांधून घेते, प्रोटीनेज-के प्रथिने फोडते. मग ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड आणि आयसोप्रोपॅनॉल घालून डीएनए सिलिकाच्या पडद्यावर चिकटवायचा आणि धुऊन सोडवून घ्यायचा. आधीच्या कृतींत ५० अक्षरांखालचे तुकडे बहुतेक वाहून जात. इथे बांधणीचे द्रावण भरपूर असल्याने ३५ अक्षरांपर्यंतचे तुकडेही अडकतात. उष्ण प्रदेशातल्या हाडात मुळात तेवढेच उरलेले असतात, त्यामुळे आपल्याकडच्या कामाला खरा उपयोग याच सुधारणेचा.

डीएनए जुनाच आहे याची खूण त्याच्या झिजेत असते. तुकड्यांच्या टोकांशी सायटोसीनचा अमिनो गट गळून त्याचे युरॅसिल होते, आणि यंत्र ते ‘सी’ऐवजी ‘टी’ असे वाचते. टोकाकडे हा बदल वाढत गेलेला दिसला तर नमुना अस्सल. रसायनातून आलेल्या आजच्या गायीच्या डीएनएत तो दिसत नाही. अडचण अशी, की हीच झीज खऱ्या फरकासारखी वाचली जाऊन वंशावळ बिघडवते. म्हणून यूडीजी नावाचे विकर वापरून आतले युरॅसिल काढतात आणि अगदी टोकाचे मुद्दाम ठेवतात. वाचन सुधारते, पुरावाही राहतो.

यानंतर वाचलेले तुकडे आधीच माहीत असलेल्या जनुकसंचाशी जुळवून त्यांची जागा ठरवतात. त्यात चूक होते ती जाणवतही नाही. जुळवणीसाठी नेहमी वापरला जाणारा गायीचा संदर्भ-जनुकसंच डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गायीचा, म्हणजे बिनवशिंडाच्या कुळाचा आहे. चाळीस अक्षरांचा झिजलेला तुकडा त्यावर बसवताना दोन-तीन फरक आले तर प्रणाली तो फेकून देते. वशिंडाच्या कुळाच्या तुकड्यांत असे फरक साहजिकच जास्त असतात, त्यामुळे तेच अधिक गळतात आणि जनावर खऱ्यापेक्षा जास्त ‘युरोपीय’ दिसू लागते. उपाय म्हणजे अटी सैल ठेवणे आणि दोन्ही कुळांच्या संदर्भांवर जुळवणी करून पाहणे.

२०१२ मध्ये इराणातल्या प्राचीन हाडांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून असा अंदाज निघाला, की वशिंड नसलेली सगळी गुरे सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीच्या जेमतेम ऐंशी माद्यांपासून आली. ऑरॉक्स हे शिंगाने माणूस उलटा करणारे जनावर, ते पाळण्याचा खटाटोप फार थोड्या ठिकाणी तडीस गेला असणार हे पटण्यासारखे आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बिशायरच्या एका गुहेतल्या पावणेसात हजार वर्षांपूर्वीच्या ऑरॉक्सचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. मग ब्रिटिश आणि आयरिश गुरांत तिथल्या रानटी कळपाचे रक्त मिसळल्याचे दिसले. मायटोकॉन्ड्रियावरून हे दिसले नसते.

वशिंडाच्या गुरांसाठी महत्त्वाचे वर्ष २०१९. मार्ता व्हेर्दुगो, ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आशिया व आसपासच्या ६७ प्राचीन गुरांचे जनुकसंच तपासले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत या प्रदेशात वशिंडाच्या कुळाचा अंश जवळजवळ नाही. त्यानंतर थोड्याच शतकांत तो मध्य आशियापासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत सगळीकडे दिसू लागतो. मायटोकॉन्ड्रियल डीएनए मात्र फारसा बदलत नाही. म्हणजे इथेही वळूच गेले. चार हजार दोनशे वर्षांपूर्वी मोठा दुष्काळी काळ आला होता. ऊन, कोरडे रान आणि कमी पाणी सोसणारा वळू तेव्हा मुद्दाम आणवला गेला असावा, असे संशोधकांचे म्हणणे. गावात एक चांगला वळू आला की चार वर्षांत त्याच्या कालवडी सगळ्या आळीत दिसतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या वेगाचे नवल वाटणार नाही.

हिशोब करून पाहावा. बिनवशिंडाची गाय भारतीय वळूकडून फळवली तर वासरात अर्धा वाटा भारतीय. त्या कालवडीला पुन्हा भारतीय वळू दाखवला तर ७५ टक्के, पुढच्या पिढीत ८७.५, चौथ्या पिढीत जवळपास ९४. जनावर बघणारा त्याला बेधडक वशिंडाचे म्हणेल, पण मायटोकॉन्ड्रिया पहिल्या गायीचाच. अशा कळपात एक्स गुणसूत्रावरचा भारतीय वाटा बाकीच्या गुणसूत्रांपेक्षा कमी निघतो, कारण वळू एक्सची एकच प्रत घेऊन येतो आणि तीही फक्त कालवडींना देतो. हाड नराचे की मादीचे हेही एक्सवरूनच ठरते. नराच्या नमुन्यात एक्सवर पडणारे तुकडे इतर गुणसूत्रांच्या मानाने निम्मे असतात. अलीकडचे उदाहरण ब्राझीलचे. आंध्रच्या ओंगोल जातीपासून तयार झालेल्या तिथल्या नेलोर गुरांपैकी अनेकांत मायटोकॉन्ड्रिया युरोपीय कुळाचा मिळतो, कारण थोडे वळू आणून तिथल्याच गायी फळवल्या गेल्या.

२०२४ मध्ये ऑरॉक्सच्या ३८ प्राचीन जनुकसंचांवर मोठे काम प्रसिद्ध झाले आणि त्यात चार शाखा मांडल्या गेल्या : युरोपीय, नैऋत्य आशियाई, उत्तर आशियाई व दक्षिण आशियाई. यातली दक्षिण आशियाई शाखा वशिंडाच्या गुरांतून उरलेली. नर्मदेच्या त्या रानटी बैलाचा स्वतःचा पुरावा या चित्रात नाही.

याला मुख्य कारण आपले हवामान. न्यूझीलंडमधल्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ मध्ये हिशोब निघाला, की सरासरी १३ अंश सेल्सिअसला मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा २४२ अक्षरांचा तुकडा ५२१ वर्षांत निम्म्यावर येतो. दख्खनच्या पठारावर सरासरी तापमान याच्या दुपटीच्या आसपास, आणि तापमानाबरोबर झीज अनेक पटींनी वाढते. त्यात काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दरवर्षी हाडात पाणी शिरते, सुकते, आणि पाण्याबरोबर जिवाणू आत जातात. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचे उदाहरण बोलके आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी माणसांचे ६१ नमुने तपासले, त्यातला एकच कामाचा निघाला. त्या एकातूनही शंभरावर लायब्ररी, म्हणजे यंत्राने वाचण्यासाठी तयार केलेले डीएनएच्या तुकड्यांचे संच, बनवाव्या लागल्या तेव्हा कुठे पुरेसा मजकूर जमला. गुरांच्या हाडांची स्थिती याहून वाईट, कारण माणूस पुरलेला असतो आणि गुरांची हाडे शिजवून, फोडून उघड्यावर टाकलेली असतात. शिजवण्याने डीएनए आणखी तुटतो.

तरी महाराष्ट्रात सामग्रीची वाण नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणलेल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत गुरांची हाडे मुबलक मिळाली. अशा साठ्यातून किंवा नव्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, नमुना निवडताना कवटीच्या तळाचे तुकडे आधी शोधावेत. बरगड्या, पायाच्या नळ्या यांच्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही. गाय, म्हैस आणि नीलगाय यांचे तुकडे दिसायला सारखे असतात, म्हणून कापण्यापूर्वी हाडांच्या जाणकाराकडून खात्री करावी. मापे, छायाचित्रे आणि जमल्यास सीटी स्कॅन घेऊन ठेवावे, कारण कापलेले हाड परत येत नाही.

उत्खननात हाड दिसले की उघड्या हाताने उचलू नये, पाण्याने धुऊ नये, उन्हात वाळत टाकू नये आणि पक्के करायला डिंक किंवा फेव्हिकॉल लावू नये. यातली धुण्याची सवय सर्वात मुरलेली आणि सर्वात घातक. पाणी लागले की हाडाचे छिद्र पुन्हा ओले होते आणि शतकानुशतके थांबलेली झीज पुन्हा चालू होते. माती ब्रशने झाडावी, सावलीत वाळू द्यावे, कागदात गुंडाळावे, थराची नोंद वर लिहावी आणि थंड जागी ठेवावे. ओले हाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले तर आठवड्यात बुरशी धरते. प्रयोगशाळेत पहिल्या फेरीत प्रत्येक नमुन्यातल्या डीएनएचे थोडेच तुकडे वाचून पाहायचे. त्यात गुरांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आला तर सरसकट सगळे वाचण्यात पैसा जातो. मग गायीच्या क्रमाशी जुळणारे गळ टाकून तेवढेच तुकडे वेचून काढायचे. ते गळ एकाच कुळाच्या जनुकसंचावरून बनवले तर वर सांगितलेला पक्षपात इथेही शिरतो, म्हणून गळ बनवताना गीर किंवा नेलोरचा क्रमही त्यात घ्यावा.