राज्याचा महसूल आणि खर्च (महाराष्ट्र)

राज्य सरकारने कर, शुल्क, केंद्राकडून मिळणारा वाटा आणि कर्ज यांतून पैसा उभा करण्याची व तो विधिमंडळाच्या संमतीने खर्च करण्याची व्यवस्था. राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. २६६ व्या अनुच्छेदानुसार राज्याला मिळालेला सगळा महसूल आणि घेतलेले कर्ज राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते. विधिमंडळाने विनियोजन कायदा केल्याखेरीज त्यातून एक रुपयाही काढता येत नाही. भविष्य निर्वाह निधी, ठेवी अशा सरकारने केवळ सांभाळायच्या पैशांसाठी लोकलेखा हे वेगळे खाते असते. अचानक उद्भवलेल्या खर्चासाठी आकस्मिकता निधी असतो.

महसूल या शब्दाने मराठी माणसाला आजही आधी जमीन आठवते. महसूल खाते म्हणजे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, सातबारा. एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांचे उत्पन्न खरोखरच शेतसाऱ्यावर उभे होते. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून जमिनीची मोजणी व प्रतवारी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवण्याची पद्धत घातली. तिच्या खुणा अजून टिकून आहेत. सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, महसुली वर्ष मात्र १ ऑगस्टलाच. पिकाची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आले याचा अंदाज, ५० पैशांच्या खाली गेली आणि टंचाई जाहीर झाली, की सवलतींच्या यादीत जमीन महसुलातली सूट आजही असते. प्रत्यक्षात हा सारा आता राज्याच्या जमेत अगदी किरकोळ आहे. त्यामुळे ती सूट शेतकऱ्याच्या हाती फारसे काही देत नाही. त्याच यादीतली वीजबिलाची आणि परीक्षा शुल्काची सवलत घराला जास्त उपयोगी पडते.

आजचा महसूल जमिनीच्या लागवडीतून नव्हे, खरेदी-विक्रीतून येतो. महाराष्ट्राच्या महसुली जमेचा मोठा भाग राज्याच्या स्वतःच्या करांचा असून त्यात वस्तू व सेवा कराचा वाटा सर्वांत मोठा आहे. नांदेडच्या दुकानातून कोणी छताचा पंखा घेतला, तर त्यावरच्या १८ टक्के करापैकी ९ टक्के केंद्राकडे आणि ९ टक्के राज्याकडे जातात. हा कर वस्तू जिथे खपते त्या राज्याला मिळतो. सोलापूरची चादर पाटण्याला विकली गेली, तर कराचा राज्य हिस्सा बिहारचा होतो. महाराष्ट्रासारख्या कारखानदारीच्या राज्याला म्हणूनच सुरुवातीला या कराची धास्ती वाटत होती. १ जुलै २०१७ पासून पाच वर्षे केंद्राने राज्यांना दरसाल १४ टक्के वाढ धरून भरपाई दिली. ती मुदत ३० जून २०२२ ला संपली.

याच दिवशी, १ जुलै २०१७ ला, मुंबई महापालिकेची जकातही बंद झाली. जकात नाक्यावर रोज रोख उत्पन्न मिळवणारी महापालिका तेव्हापासून राज्याच्या भरपाईवर अवलंबून आहे. दरवर्षी ८ टक्के वाढ धरून ही रक्कम देण्यासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. म्हणजे राज्याने केंद्रापुढे जी चिंता मांडली, तीच चिंता शहरांनी राज्यापुढे मांडावी अशी स्थिती आली.

वस्तू व सेवा कराचे दर केंद्र व राज्यांच्या वस्तू व सेवा कर परिषदेत ठरतात. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते. निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. एकट्या राज्याला दर हलवता येत नाही, म्हणून अर्थमंत्र्यांच्या हातात उरतात पेट्रोल-डिझेल व मद्यावरील मूल्यवर्धित कर, राज्य उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर आणि विद्युत शुल्क. यांतले मुद्रांक शुल्क घरबांधणीच्या तेजी-मंदीप्रमाणे वर-खाली होते. करोनाच्या काळात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतला दर ५ टक्क्यांवरून २ टक्के केला, तेव्हा दस्त नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयांत रांगा लागल्या. मद्याची गोष्ट जास्त अवघड आहे. जो कायदा दारूवर नियंत्रण ठेवतो त्याचे नावच दारूबंदी कायदा (१९४९) आहे आणि त्याच व्यवस्थेतून तिजोरीला मोठे उत्पन्न मिळते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांनी हे उत्पन्न नाकारून दारूबंदी पत्करली. चंद्रपूरने २०१५ मध्ये ती स्वीकारली, पण २०२१ मध्ये ती उठवण्यात आली.

एका कराची हकिगत इथे सविस्तर सांगायला हवी. पगारदारांच्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी कपात दिसते, तो व्यवसाय कर. घटनेने त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. महाराष्ट्राने तो १९७५ मध्ये बसवला, तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यात आधी प्रयोग झाला होता. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पोचली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. शहरातल्या नोकरदाराने भरायचे, तेवढाच वाटा सरकारने घालायचा आणि खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुराची मजुरी त्यातून द्यायची, असा हा थेट हिशेब होता. करदात्याला आपला पैसा कुठे जातो हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा कर महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. देशाचा रोजगार हमी कायदा त्यानंतर फार उशिरा, २००५ मध्ये झाला.

केंद्राकडून येणाऱ्या पैशाचे दोन प्रकार आहेत. एक करांतला वाटा, दुसरा अनुदाने. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य केंद्रीय करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरला. उपकर आणि अधिभार या वाटणीत धरले जात नाहीत.

खर्चाची बाजू अर्थसंकल्पातून कळते. १० मार्च २०२५ ला मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ७ लाख २० कोटी रुपये धरला होता. महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी आणि महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी रुपये होती. महसुली जमेतला निम्म्याहून जास्त भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार याच वेतनात येतात, म्हणून हा सगळा खर्च अनुत्पादक म्हणणे चुकीचे आहे. पण नवा रस्ता, कालवा, दवाखाना यांच्यासाठी मोकळा पैसा थोडाच उरतो. लाडकी बहीण योजनेसाठी त्याच वर्षी ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. खर्चाला जमा पुरली नाही, तर सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत राज्याचे रोखे विकून कर्ज घेते. राजकोषीय तुटीवर, म्हणजे कर्ज काढून भरायच्या एकूण तुटीवर, मर्यादा घालणारा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्ये केला आहे.

अर्थसंकल्प अर्थमंत्री विधानसभेत वाचतात, त्याच वेळी अर्थ राज्यमंत्री विधान परिषदेत. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर फक्त विधानसभा मतदान करते, परिषद धन विधेयक चौदा दिवसांहून जास्त रोखू शकत नाही. कर्जावरचे व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन हा प्रभारित खर्च असतो. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. वर्षभरात पैसा कमी पडला की पुरवणी मागण्या येतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा मोठा वेळ त्यांतच जातो.

बातमीत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो तरतूद, वितरण आणि खर्च या तीन शब्दांत. तरतूद म्हणजे विधिमंडळाने दिलेली परवानगी. पैसा हलतो तो नंतर. वित्त विभाग खात्याला निधी वितरित करतो, तो बीम्स या संगणक प्रणालीवर उतरतो, आहरण व संवितरण अधिकारी (खात्यातर्फे पैसे काढणारे व वाटणारे) देयक तयार करतात, कोषागार ते तपासते आणि मग ठेकेदाराला, शाळेला किंवा लाभार्थ्याला रक्कम मिळते. मुंबईत कोषागाराचे हे काम अधिदान व लेखा कार्यालय करते. अर्थसंकल्पात कोट्यवधींचा आकडा असूनही गावच्या पुलाचे काम रखडते, ते पुष्कळदा वितरणाच्या पायरीवर. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम निधी सुटतो. ३१ मार्चपर्यंत तो वापरला नाही तर व्यपगत होतो, म्हणजे त्याची परवानगी संपते, म्हणून मार्चअखेर कोषागारांत रात्री उशिरापर्यंत देयके पारित होत राहतात. घाईत केलेल्या खरेदीची गुणवत्ता पाहायला अशा वेळी सवड राहत नाही.

प्रदेशांमधली वाटणी हा महाराष्ट्रातला जुना सल आहे. १९८४ च्या वि. म. दांडेकर समितीच्या अहवालाने सिंचन, रस्ते, आरोग्य अशा क्षेत्रांतला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष मोजला. घटनेच्या ३७१(२) अनुच्छेदाखाली १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

खर्च झाल्यावर त्याचे लेखे मुंबई व नागपूर येथील महालेखापालांच्या कार्यालयांत जुळवले जातात. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आपला अहवाल राज्यपालांना देतात, तो विधिमंडळापुढे येतो आणि विधिमंडळ सदस्यांची लोकलेखा समिती खात्यांच्या सचिवांना बोलावून त्यातल्या एकेका परिच्छेदाचे उत्तर मागते.